ब्रेकच्या तेलात ओवा

“कळंबचा धाऊ आलाय रं लढाईवरनं. तात्या त्यालाच बसवनार परत मोटारीवर. पन त्याचा पाय...”

वाडीवरचा पोशा चहावाल्या पदूला एवढंच सांगत होता, तेवढ्यात तात्यांनी त्याला हाक मारली. कोळशाचं पोतं पाठीवर घेऊन तो गेला आणि मी त्या अर्ध्या वाक्यापाशी अडकून पडलो. पाय काय? मोडला? सुजला? की राहिलाच नाही?

दुसऱ्या कुणाला ते एवढं लागलं नसतं. पण मी पडलो पायांवर जगणारा. कर्जत स्टेशनावरून चौक, खालापूर करत खोपोलीला जाणारी मालोजीतात्यांची सर्व्हिस मोटार आहे ना, तिच्यातलं ब्रेकचं पायडल मी. माझ्या डाव्या अंगाला क्लच राहतो, उजव्या अंगाला रेस. क्लच कुरकुऱ्या आणि रेस उतावळा, त्यामुळे शेजाऱ्यांशी माझं फारसं जमत नाही. मग मी मागच्या बाकावरच्या गप्पा ऐकतो. कुणाची सोयरीक मोडली, कुणाची म्हैस आटली, सगळं मला ठाऊक असतं. चोंबडा म्हणा हवं तर. एका जागी खिळून बसलेल्याला दुसरा विरंगुळा तरी काय असतो?

माझा जन्म अमेरिकेतला. कुठल्या गावचा ते मला सांगता येणार नाही; डोळे उघडले तेव्हा मुंबईचं बंदर होतं. पहिले मालक नेरळच्या बंगल्यातले एक पारशी डॉक्टर. त्यांचा बूट मऊ, पाय हलका. आठवड्यातून एकदा स्टेशनापर्यंत जायचं आणि परत यायचं. सुख होतं, पण त्या सुखात गप्पा नव्हत्या. डॉक्टर मुंबईला राहायला गेले आणि एकोणचाळीस साली तात्यांनी मोटार घेतली. मागची गादी काढून लाकडी बाकं ठोकली, टपावर जाळी बसवली, आणि आमची सर्व्हिस झाली.

तेव्हा धाऊ आला.

धाऊ कळंबचा, शेतकऱ्याच्या घरचा. वहाणा दाराशी काढून ठेवून अनवाणी पायानं मोटार चालवायचा. त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्यावरून लहानपणी बैलाचा खूर गेलेला, त्यामुळं अंगठा जरा बाहेर झुकलेला होता. तो अंगठा माझ्या डाव्या कोपऱ्यावर नेमका बसायचा. सकाळी मोटार हलवण्याआधी तो मला एकदा दाबून बघायचा, पिकत घातलेला आंबा बघावा तसा. रस्त्यानं कधी हिसका दिला नाही. उतार येण्याआधीच त्याचा पाय माझ्यावर यायचा आणि मला कळायचं, आता आपल्या दोघांना ही माणसं खाली उतरवायची आहेत.

बेचाळीसच्या उन्हाळ्यात पलटणीला डायव्हर हवेत म्हणून धाऊ गेला. जाताना त्यानं गळाभेट घेतली ती तात्यांची. माझ्यावर नुसता पाय ठेवला आणि उचलला.

त्याच्या जागी सखा आला, शेलूचा. मनानं चांगला असेल, पण पाय म्हणजे मळणीच्या बैलाचा. टायरच्या तळाची वहाण घालून माझ्यावर असा आदळायचा की मागची माणसं पुढच्यांच्या मांडीवर. पेट्रोल मिळेना म्हणून मोटारीच्या पाठीला कोळशाच्या गॅसची भट्टी बसली, मोटार जड झाली, सखाचा पाय आणखी जड झाला. मी साडेतीन वर्षं त्याच्याशी मनातल्या मनात भांडत राहिलो. प्रत्येक उताराला वाटायचं, धाऊ असता तर. माणसं नाही का, सुनेनं कितीही राबलं तरी लेक असती तर म्हणतात, तसं माझं झालं होतं.

लढाई संपली. आमच्या मोटारीतून किती तरी पोरं खाकी कपड्यांत घरी गेली. धाऊ आला नाही. पत्रही आलं नाही.

त्या दसऱ्याची गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिथूनच झालं.

सखानं मोटार उल्हास नदीवर नेऊन धुतली, झेंडू बांधला, मला कुंकू लावलं. तेवढ्यात बैलगाडीतून धाऊची आई, जयवंताकाकी उतरली. तिच्या एका हातात घडी घालून घालून फाटलेलं पत्र होतं, धाऊचं शेवटचं, वर्षापूर्वीचं. दुसऱ्या हातात पदराखाली बाटली. पत्र कळंबच्या मास्तरांनी तिला इतक्यांदा वाचून दाखवलं होतं की तिला ते पाठ होतं. त्यात धाऊनं लिहिलं होतं, तात्यांना सांगा, ब्रेकचं तेल बघत जा, कमी असलं तर घालत जा.

“ब्रेकला तेल कुठं घालत्यात रं, बाबा?” तिनं सखाला विचारलं.

सखा म्हणाला, “काकी, मोटारीचं तेल येगळं असतं.”

“आसंल येगळं. ह्ये त्याच्या घरचं हाय.”

बाटलीत खुरासणीचं, म्हणजे कारळ्याचं, तेल होतं. डोंगराच्या उतारावरच्या त्यांच्या वरकस जमिनीतली खुरासणी, घाण्यावरून काढून आणलेली. तेल खवट होऊ नये म्हणून काकी बाटलीत ओव्याची चिमूट टाकायची. दसऱ्याला विळा-कोयत्याला, नांगराच्या फाळाला तेल लावायचं. मग ज्या हत्यारावर आपला लेक राबला त्यालाच का उपाशी ठेवायचं, असा तिचा साधा हिशेब.

सखा तिच्याकडं बघत उभा राहिला. नाही म्हणणं त्याच्यानं झालं नाही. त्यानं पायाखालची फळी उचलली. तिच्या खाली ब्रेकच्या तेलाचं लोखंडी भांडं असतं. मी दाबला गेलो की माझा दांडा त्या भांड्यातली रबराची वाटी पुढं ढकलतो आणि तेल नळीतून चारी चाकांकडं धावतं, ब्रेक लागतो. सखानं झाकण फिरवलं. त्याला वाटलं असेल, म्हातारी थेंबभर घालेल. तिनं बाटलीच उपडी केली.

मग तिनं वाकून माझ्यावर हात ठेवला. “माझ्या पोराचा पाय हितंच असायचा ना?” असं तिनं विचारलं.

सखा हो म्हणाला. तिनं हात बराच वेळ काढला नाही. त्या एवढ्या वेळात तिला आणि मला एकच माणूस आठवत होता, पण तिला ते कळायला काही मार्ग नव्हता.

दिवाळीपर्यंत सगळं ठीक होतं. मग चाकं तापायला लागली. सखानं पाय काढला तरी मी पुरता वर येईना. आत रबराची वाटी फुगत चालली होती. मला टोचत होतं, पण सांगू कुणाला? आणखी आठेक दिवसांनी वाटी मऊ पडली. आता मी दाबला की जागेवर थांबायचो, आणि पाय तसाच ठेवला की हळूहळू खाली जायचो.

खालापूरच्या बाजाराच्या दिवशी, नदीकडच्या उतारावर, पुढं गवताची बैलगाडी आली. आमच्यात आठ माणसं, दोन पोती, अंबाबाईची अंड्यांची पाटी. सखानं मला दाबलं. मी धरलं. मोटार मंदावली. आणि मग मी खाली जायला लागलो. सखा सगळं बळ लावत होता, मलाही थांबायचं होतं, पण माझ्यामागं धरायला काही उरलंच नव्हतं. पार फळीला टेकलो. सखानं हातब्रेक ओढला, चाकं कडेच्या मातीच्या बांधावर घातली. मोटार तिरकी होऊन थांबली. माणसं वाचली, अंडी गेली. अंबाबाईनं सखाच्या सात पिढ्या मोजल्या आणि मग त्यालाच धरून रडली.

खोपोलीहून एक मिस्त्री आणला. तो म्हणाला, नळीत हवा शिरलीय. तीनदा हवा काढली, मी तसाच खाली. मग तो म्हणाला, पाय वाईट आहे डायव्हरचा, आणि निघून गेला.

तात्यांना तेवढंच पुरलं. चारचौघांत म्हणाले, “ब्रेकवर पाय टाकून झोपतो आणि रबरं जाळतो. सोमवारपासून येऊ नकोस.” सखाच्या घरी बायको बायजा आणि अंगावरचं पोर, डायव्हर झाला म्हणून शेलूत त्याला माणसं हाक मारून बसवून घेत. ते सगळं सोमवारी जाणार होतं. आणि सखा एक शब्द बोलला नाही. त्याला तेलाचा संशय होता, मला माहीत आहे. एकटा असताना तो फळी उचलून भांड्याकडं बघत बसायचा. पण तेलाचं नाव काढलं असतं तर म्हातारीचं नाव निघालं असतं. तालुकाभर झालं असतं की जयवंतेनं आठ माणसं मारली असती. लेक लढाईवर हरवलेल्या बाईला ते ऐकावं लागू नये म्हणून तो गप्प राहिला.

आणि मी? खरं सांगतो. त्याच दिवसांत पोशाचं ते अर्धं वाक्य कानावर आलं आणि मला आनंद झाला. सखा जाणार, धाऊ येणार. त्या पायाचं काय झालं एवढीच काळजी. सखाचं काय होणार, ते माझ्या मनातही आलं नाही. आज आठवलं की लाज वाटते.

शनिवारी सकाळी धाऊ आला. तात्यांनीच निरोप धाडला होता. चिंचेखाली मोटार उभी, दार उघडं. मी खालून बघत होतो. आधी काठीचं टोक दिसलं, मग बूट. दोन. दोन्ही पायांत पलटणीचे बूट, जरा लंगडत चालणारे. मी मनात म्हटलं, पोशा, मेल्या, उगाच जीव टांगलास.

धाऊनं मोटारीत पाय घातला नाही. बाहेर दगडावर बसला आणि सखाला आत बसवलं.

“दाब. आता सोडू नको, तसाच धर.”

सखानं धरलं. मी अर्ध्यावर थांबलो आणि हळूहळू खाली गेलो. धाऊ नुसता बघत होता.

“पटापट चार येळा दाब. वर येतं?”

“नाय येत, धाऊदादा.”

“मंग हवा नाय. हवा असती तर चेंडूगत लागलं असतं आन दाबून दाबून वर आलं असतं.” त्यानं सखाकडून चारी चाकं आतून बघून घेतली, कोरडी ठाक. फळी उचलायला लावली, झाकण उघडायला लावलं, तेल काठोकाठ. “भायेर थेंब नाय गेला, भांडं भरल्यालं, तरी पाय खाली जातो. म्हंजी तेल आतल्या आतच वाटीच्या कडंनं मागं येतंय. वाटी गेली.”

तात्या म्हणाले, मी सांगत नव्हतो का, ह्यानंच जाळली.

तेलावर तवंग दिसत होता. धाऊनं पुढं झुकून बोट बुडवलं, चोळलं, नाकाशी नेलं. आणि तो थांबला. किती तरी वेळ बोट तसंच नाकाशी. साडेतीन वर्षं पलटणीच्या बंद डब्यांतलं खाल्लेला माणूस तो. मग त्यानं काडी घालून भांड्याचा तळ ढवळला. काडीला दोन-चार ओव्याचे दाणे चिकटून आले.

“सख्या, दसऱ्याला झाकन कुनी उघडलं?”

“मी.”

“तेल कुनी घातलं?”

“मीच.”

“तू शेलूचा. तुमच्याकडं सगळी भातखाचरं. खुरासणी कुठली पिकवलीस?”

सखा खाली मान घालून राहिला. धाऊ त्याच्याकडं बघत होता, आणि मला वाटतं, साडेतीन वर्षांत मला जे दिसलं नव्हतं ते त्याला तेवढ्यात दिसलं.

“तात्या,” धाऊ म्हणाला, “ह्ये तेल आमच्या घरचं हाय. आईनं घातलंय. तिला काय बोलू नका, मीच पत्रात लिवलं होतं, तेल घालत जा म्हनून. कुठलं तेल, ते लिवायचं राह्यलं. ह्या पोराचा काय दोष नाय. त्याला ठेवा.”

तात्यांनी खाकरून सांगितलं की बरं, सखाला काढत नाही, कोळशाच्या गोदामावर ठेवू. “पण मोटारीवर तू बस, धाऊ. हिला तुझा हात कळतो.”

माझं काय झालं असेल ते सांगत नाही.

धाऊनं काठी उलटी धरली आणि आपल्या डाव्या बुटावर मारली. ठक्क आवाज आला. लाकडाचा.

इंफाळकडच्या रस्त्यावर त्याची लॉरी उलटली होती. गुडघ्याखालचा डावा पाय गेला. पुण्याच्या इस्पितळात लाकडी बसवला, तो अंगात मुरेपर्यंत त्याला घरी कळवायचं धाडस झालं नव्हतं.

“लाकडाला क्लच कुठं लागतो ते कळत नाय, तात्या,” तो म्हणाला. “एकटा असतो तर चालवली असती. मागं आठ मानसं बसवून नाय.”

माझा शेजारी क्लच त्या दिवशी पहिल्यांदा कुरकुरला नाही.

दुरुस्तीला पाच दिवस लागले. सखा मुंबईहून नव्या रबरी वाट्या आणि ब्रेकचं खरं तेल घेऊन आला. जुनं तेल सगळं उपसून टाकलं. सखा भांडं धुवायला रॉकेल घेऊन आला तेव्हा धाऊनं त्याचा हात धरला. रॉकेलनंही रबर फुगतं, म्हणाला, आणि स्पिरिटनं धुऊन घेतलं. भांड्याच्या आतल्या भिंतीवरून स्वच्छ फडकं फिरवून बोटानं चाचपलं, कुठं चरा नाही ना. चारी चाकांतल्या वाट्याही बदलल्या. एकातलं तेल नासलं तर सगळ्यांचंच नासलं. मग धाऊ मागच्या लांबच्या चाकाशी आडवा झाला आणि सखा माझ्यावर पाय ठेवून बसला. दाब. धर. सोड. दाब. धर. एकेका चाकातून बुडबुडे निघत गेले आणि माझ्यामागं पुन्हा काही तरी घट्ट उभं राहिलं. हवा काढण्याच्या त्या दोन दिवसांत सखाचा पाय बदलला. धाऊनं त्याला शिव्या दिल्या नाहीत, नुसतं सांगितलं, आदळू नको, टेकव आन मंग भार दे. सखा शिकला. मीही त्याच्यावरचा राग सोडायला शिकलो, उशिरा का होईना.

ह्याला आता वर्ष होत आलं. मोटारीवर सखाच आहे. ह्या दसऱ्याला जयवंताकाकी पुन्हा बाटली घेऊन आली. तिला अजून कुणी काही सांगितलेलं नाही. सखानं तिला दाराच्या बिजागऱ्या दाखवल्या. तिनं सगळ्या बिजागऱ्यांना मनसोक्त तेल पाजलं. आमची दारं आता अजिबात वाजत नाहीत, आणि उतारूंच्या कपड्यांना ओव्याचा वास येतो.

धाऊनं चौक गावात नाक्याजवळ कुडाची शेड घातली आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या मोटारी, लॉऱ्या दुरुस्त करतो. कान आणि नाक दोन्ही तल्लख, म्हणून लांबलांबून माणसं येतात.

बाजाराच्या दिवशी खोपोलीहून परतताना सखा त्या शेडपुढं मोटार उभी करतो. खाली उतरून सांगतो, “धाऊदादा, ब्रेक जरा मऊ लागतोय. बघता का?”

ब्रेकला काहीही झालेलं नसतं. मला माहीत असतं, सखाला माहीत असतं, आणि धाऊच्या हातून एवढी चाकं गेली, त्याला न कळायला काय झालं? मागची माणसं उशीर होतो म्हणून चुळबुळतात. अंबाबाई मोठ्यानं विचारते, दर आठवड्याला कसा रं तुझा बिरेक मऊ होतो? सखा तिला म्हणतो, काकी, तुमच्या अंड्यांसाठीच बघतो. तसं म्हटल्यावर ती गप्प बसते.

धाऊ येतो. दाराला धरून वर चढतो, लाकडी पाय हातानं उचलून आत घेतो, क्लचाच्या बाजूला नीट ठेवतो. मग वाकून उजव्या पायातला बूट काढतो.

पोशा चुकीचं बोलला नव्हता. पाय गेला होता, पण माझ्यावर यायचा तो नव्हे. धाऊ परत मोटारीवर बसलाही, पण उभ्या मोटारीवर, बाजाराच्या दिवशी, घटकाभर. माझ्या वाट्याला आलं ते एवढं. सखाला माझी एकच विनवणी आहे: बाबा रे, दर आठवड्याला हे असंच खोटं बोलत जा.

धाऊ मला दाबतो आणि धरून ठेवतो. ब्रेक बरा आहे की नाही हे बघायला असंच धरून ठेवावं लागतं, मनात दहा मोजेपर्यंत. मी खाली जात नाही. दहा होऊन जातात, वीस होऊन जातात. तरी तो पाय उचलत नाही.